हर्मान डील्स आणि ग्रीक तत्त्ववेत्त्यांचीं अवशिष्ट वचनें

थेलीझपासून डेमॉक्रिटसपर्यंत जे ग्रीक तत्त्ववेत्ते होऊन गेले, त्यांपैकीं एकाचाही ग्रंथ आज अखंड उपलब्ध नाहीं. जें कांहीं आहे तें परक्यांच्या पोथ्यांत आहे. कोणा टीकाकारानें ॲरिस्टॉटलचें एखादें वाक्य उलगडतांना चार ओळी उतरून घेतल्या. कोणा धर्मोपदेशकानें पाखंडाचें खंडन करतांना दहापांच वचनें दिलीं. कोणा संग्राहकानें अमक्याचें मत असें व तमक्याचें तसें, अशी टांचणें करून ठेविलीं. एवढ्या सामग्रीवर ग्रीक तत्त्वज्ञानाच्या पहिल्या दोनशें वर्षांचा इतिहास उभा आहे. अशा स्थितींत इतिहासकाराचा पहिला प्रश्न हेराक्लायटस काय म्हणाला हा नसून, तो असें म्हणाला हें आपणांस कोण सांगतो आणि त्या सांगणाऱ्यास तें कोठून कळलें, हा असला पाहिजे. हा प्रश्न ज्यांनीं सर्वांत कसोशीनें विचारला ते जर्मन पंडित हर्मान डील्स हे होत. त्यांच्या ग्रंथसंभारापैकीं दोन ग्रंथांचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे. एक १८७९ सालचा 'डोक्सोग्राफी ग्रेची', म्हणजे ग्रीक मतसंग्राहकांचा संग्रह. दुसरा १९०३ सालचा 'सॉक्रेटिसपूर्व तत्त्ववेत्त्यांचीं अवशिष्ट वचनें' हा. दोन्ही एकाच लेखणीचे. परंतु दुसऱ्याच्या अफाट यशानें पहिल्याची शिकवण झांकली गेली असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे, आणि तें सप्रमाण मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

डील्स यांचा जन्म १८ मे १८४८ रोजीं ऱ्हाइन नदीच्या कांठीं, वीसबाडेनजवळच्या बीबरिख गांवीं झाला. वडील रेल्वेच्या नोकरींत होते. बॉन येथें हर्मान उझेनर यांच्या हाताखालीं त्यांचें अध्ययन झालें. पुढें ग्रीक विद्येंत अग्रगण्य ठरलेले विलामोवित्स हे त्यांचे तेथील सहाध्यायी व जन्माचे मित्र. १८७० सालीं गॅलेनच्या नांवावर मोडणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या एका लहानशा इतिहासावर प्रबंध लिहून त्यांनीं पदवी घेतली. त्यानंतर सुमारें दहा वर्षें फ्लेन्सबुर्ग, हांबुर्ग व बर्लिन येथील शाळांत त्यांनीं मास्तरकी केली, आणि ज्या ग्रंथामुळें त्यांचें नांव झालें तो ग्रंथ या मास्तरकीच्या काळांतलाच आहे, हें विसरतां कामा नये. ग्रीक तत्त्वज्ञानाचे ख्यातनाम इतिहासकार एडुआर्ड झेलर यांचा त्यांना पाठिंबा होता. १८८१ त बर्लिनच्या अकादमीचें सभासदत्व आणि १८८६ त तेथील विद्यापीठांतील पूर्ण प्राध्यापकपद त्यांस मिळालें. १८९५ पासून पंचवीस वर्षें ते अकादमीचे एक चिटणीस होते. ४ जून १९२२ रोजीं बर्लिन येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचे तिन्ही पुत्र विद्वान् निघाले. त्यांपैकीं ऑटो यांस १९५० सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यांच्या स्वभावाची खूण पटावी म्हणून एकच गोष्ट सांगतों. पार्मेनायडीझच्या काव्याच्या आरंभीं रात्र आणि दिवस यांच्या मार्गांवर असलेल्या एका दाराचें वर्णन आहे. दाराचा अडसर कसा सरकतो, बिजागरी कशी फिरते, हें त्यांत आलें आहे. तत्त्वज्ञानाचा दुसरा एखादा अभ्यासक तें रूपक म्हणून सोडून देता. डील्स यांनीं १८९७ सालच्या आपल्या आवृत्तीस ग्रीक दारें व कुलुपें यांवर एक स्वतंत्र परिशिष्ट जोडलें! प्राचीनांच्या यंत्रविद्येवर त्यांनीं पुढें १९१४ त एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. वस्तु प्रत्यक्ष कशी चालते हें समजल्याखेरीज वाक्याचा अर्थ लागला असें मानावयाचें नाहीं, ही त्यांची रीत होती.

आतां पहिल्या ग्रंथाकडे वळूं. बर्लिनच्या अकादमीनें पारितोषिकासाठीं मांडलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरांतून हा ग्रंथ निघाला. प्रश्न कोरडा दिसतो. प्लुटार्कच्या नांवावर तत्त्ववेत्त्यांच्या भौतिक मतांचा एक संग्रह आहे. तो प्लुटार्कचा नव्हे हें उघड आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोणीतरी केलेला तो संक्षेप आहे. पांचव्या शतकांतील स्टोबीअस याच्या संग्रहांतही तींच मतें, पुष्कळदां त्याच शब्दांत, आढळतात. त्याच शतकांतील सायरसचा बिशप थिओडोरेट हाही तींच देतो. या तिघांचा परस्परांशीं संबंध काय? डील्स यांनीं तोतया प्लुटार्क व स्टोबीअस यांचे पाठ दोन रकान्यांत समोरासमोर छापले, आणि रकाने बोलूं लागले. जेथें एक संक्षेप करतो तेथें दुसरा विस्तार ठेवतो. एकानें गाळलेलें नांव दुसऱ्यांत सांपडतें. मात्र चुका दोघांच्याही त्याच जागीं. ज्यानें एका बखरीच्या दोन नकला शेजारीं ठेवून वाचल्या असतील त्यास यापुढील अनुमान सांगावयास नको. दोघांचें मूळ एक. त्या मुळाच्या कर्त्याचें नांव थिओडोरेटनें दिलें होतें, पण त्याकडे कोणाचें पुरेसें लक्ष गेलें नव्हतें. तो एटिअस. डील्स यांच्या मतें त्याचा काळ इसवी सन १०० च्या आसपासचा.

तेथेंही ते थांबले नाहींत. एटिअसच्या मागें इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील एक अधिक जुना मतसंग्रह, आणि त्याच्याही मागें ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याचा भौतिक मतांवरील मोठा ग्रंथ, अशी वंशावळ त्यांनीं सिद्ध केली. थिओफ्रॅस्टसच्या या ग्रंथाचे सोळा कीं अठरा भाग होते याविषयीं प्राचीन याद्यांतच मेळ नाहीं. त्यांतील इंद्रियज्ञानावरील एक मोठा तुकडा तेवढा वांचला आहे. हीं मतें जमविणाऱ्यांस डोक्सोग्राफर, म्हणजे मतसंग्राहक, हें नांवही डील्स यांनींच दिलें. अडीचशेंहून अधिक पानांची लॅटिन प्रस्तावना लिहून त्यांनीं या वंशावळीची प्रत्येक पायरी तपासली आहे.

यांत साधलें काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. त्यापूर्वीं एखाद्या मताला तोतया प्लुटार्क, स्टोबीअस, थिओडोरेट, युसेबिअस आणि तोतया गॅलेन असे पांच आधार दाखवितां आले, कीं लेखक निर्धास्त होत असे. डील्स यांनीं दाखविलें कीं हे पांच साक्षीदार नव्हत. एकाच साक्षीदाराचे हे पांच प्रतिध्वनि आहेत. साक्षी मोजावयाच्या नसतात, त्यांचें कूळ शोधावयाचें असतें, ही गोष्ट ग्रीक तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रांत इतक्या निर्विवादपणें तोंवर कोणीं सिद्ध केली नव्हती. झेलर यांचा विशाल इतिहास विचारांच्या संगतीवर उभा होता. त्याखालची जमीन किती खोल व किती पोकळ आहे, हें त्यांच्या या तरुण मित्रानें मोजून दाखविलें.

ग्रंथ निर्दोष आहे असें मात्र नव्हे. थिओफ्रॅस्टसपर्यंत पोंचलों म्हणजे स्वच्छ पाण्याच्या झऱ्यापर्यंत पोंचलों, असा एक भरंवसा डील्स यांच्या मांडणींत सर्वत्र आहे. पण झरा स्वच्छ होता काय? थिओफ्रॅस्टस हा ॲरिस्टॉटलच्या शाळेंतला. जगाचें आदितत्त्व एक कीं अनेक, तें चल कीं अचल, हे प्रश्नच मुळीं ॲरिस्टॉटलचे. जुन्या तत्त्ववेत्त्यांस त्या चौकटींत बसवून उत्तरें द्यावयास लाविलें आहे. हॅरोल्ड चर्निस यांनीं १९३५ त ॲरिस्टॉटलनें केलेल्या पूर्वसूरींच्या परीक्षणाचें परीक्षण केलें, आणि १९५३ त मॅक्डर्मिड यांनीं थिओफ्रॅस्टसच्या बाबतींत तोच हिशेब मांडला. दुसरा आक्षेप एटिअसविषयीं आहे. डील्स यांनीं दोन रकाने छापले, पण त्यांतून एटिअसचा एक सलग पाठ सिद्ध केला नाहीं. कुस्ता इब्न लूका यानें केलेल्या तोतया प्लुटार्कच्या अरबी भाषांतराची हान्स डायबर यांची आवृत्ति १९८० त निघाली, आणि एक नवा साक्षीदार हातीं आला. पुढें मान्सफेल्ड व रुनिया यांनीं १९९७ पासून हें काम पुन्हां पायापासून हातीं घेऊन २०२० सालीं सलग पाठ प्रसिद्ध केला. एटिअसचें प्रकरण म्हणजे मतांची नुसती यादी नसून परस्परविरोधी मतें समोरासमोर उभीं करण्याची एक ठराविक योजना असते, हा त्यांचा सिद्धांत महत्त्वाचा आहे. या संशोधकांनीं डील्स यांच्या वंशावळीच्या वरच्या शाखांबद्दल पुष्कळ शंका घेतल्या. तरी एटिअस हा जो मधला खांब त्यांनीं उभा केला, तो त्यांनाही हालवावासा वाटला नाहीं.

१८८२ पासून ॲरिस्टॉटलच्या ग्रीक टीकाकारांच्या ग्रंथमालेचें संपादन डील्स यांच्या देखरेखीखालीं चाललें. त्यांत सिंप्लिशियसच्या पदार्थविज्ञानावरील टीकेचे दोन भाग, १८८२ व १८९५ चे, त्यांनीं स्वतः संपादिले. हा सिंप्लिशियस इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला. पार्मेनायडीझचें पुस्तक दुर्मिळ झालें आहे म्हणून त्यांतील ओळी आपण जास्त उतरून देत आहों, असें तो स्वतः सांगतो. त्याची ही दूरदृष्टि नसती तर पार्मेनायडीझचा मोठा भाग आज आपल्या हातीं नसता. अनॅक्सिमँडरचें म्हणून जें एकच वचन उरलें आहे, तेंही त्यानेंच थिओफ्रॅस्टसकडून घेतलें. कर्ता आणि नकलकार यांच्यामध्यें अकराशें वर्षांचें अंतर आहे. अनॅक्सिमँडरचे शब्द कोठें सुरू होतात याविषयीं वाद आहे. शेवटला भाग त्याचा हें निश्चित, कारण शब्दयोजना जरा काव्यमय आहे असा शेरा लगेच पुढें दिलेला आहे. मूळ शब्द ओळखण्याची खूण अशी टीकाकाराच्या शेऱ्यांत असते. वचन तेवढें कापून घेतलें कीं ती खूण नाहींशी होते. येथून आपण दुसऱ्या ग्रंथाच्या दाराशीं येतों.

विद्यार्थ्यांस व्याख्यानांच्या वेळीं मूळ वचनें हाताशीं असावींत, या साध्या हेतूनें १९०३ सालचा हा ग्रंथ निघाला. प्रत्येक तत्त्ववेत्त्याचे विभाग पाडले : 'अ' मध्यें त्याचें चरित्र व त्याच्या मतांविषयीं इतरांच्या साक्षी, 'ब' मध्यें त्याचे स्वतःचे शब्द, आणि क्वचित् 'क' मध्यें अनुकरणें. 'ब' मधील वचनांस क्रमांक व जर्मन भाषांतर दिलें. 'अ' मधील साक्षी नुसत्या ग्रीक-लॅटिनमध्यें ठेविल्या. चार आवृत्त्या डील्स यांच्या हयातींत तयार झाल्या. १९३४ ते १९३७ या काळांत वॉल्थर क्रान्त्स यांनीं पांचवी काढली, आणि तेव्हांपासून जगांतील प्रत्येक अभ्यासक हेराक्लायटसचें वचन या क्रमांकानेंच सांगतो. एवढी सोय दुसऱ्या कोणत्याही संपादकानें या विषयाला करून दिली नाहीं. पण सोयीची किंमत पडली. ज्याला ग्रीक येत नाहीं तो 'ब' तेवढें वाचतो. आणि ज्याला येतें तोही, मोठ्या टाइपांतील वाक्य म्हणजे खुद्द ऋषीची वाणी आणि बाकीची ऐकीव गप्प, असें समजूं लागतो. शब्द वाहून आणणारा मनुष्य दिसेनासा झाला. 'सॉक्रेटिसपूर्व' हें नांवही असेंच फसवें आहे. डेमॉक्रिटस हा सॉक्रेटिसचा समकालीन, किंबहुना वयानें थोडा लहानच.

हेराक्लायटसचें उदाहरण घेऊं. त्याच्या वचनांचा मूळ क्रम कळण्यास साधन नाहीं, म्हणून डील्स यांनीं, पहिलीं दोन वचनें सोडल्यास, बाकीचीं ज्या लेखकांनीं उद्धृत केलीं त्यांच्या नांवांच्या वर्णानुक्रमानें लाविलीं. बायवॉटर यांनीं १८७७ त विषयवार क्रम लाविला होता. डील्स यांस तो संपादकाच्या कल्पनेचा खेळ वाटला असावा. त्यांच्या क्रमांत कल्पना नाहीं हें खरें, आणि त्यांच्या नम्रतेचें कौतुकही केलें पाहिजे. परंतु परिणाम पाहा. चवथें वचन तेराव्या शतकांतील आल्बर्टस मॅग्नस याच्याकडचें, तें ॲरिस्टॉटलनें दिलेल्या वचनांच्याही आधीं! नदीचें प्रसिद्ध वचन तीन ठिकाणीं तीन रूपांत आढळतें, म्हणून त्यास बारा, एकूणपन्नास-अ व एक्याण्णव असे तीन क्रमांक मिळाले. जणूं हेराक्लायटस तीनदां नदीवर बोलला. हिपोलिटस या ख्रिस्ती लेखकानें नोएटसच्या पाखंडाचें मूळ हेराक्लायटसमध्यें आहे हें दाखविण्यासाठीं वचनांची एक माळ गुंफली आहे. ती पन्नास ते सदुसष्ट या क्रमांकांत आली, पण गुंफणाऱ्याचा सगळा युक्तिवाद बाहेर राहिला. कॅथरिन ऑस्बोर्न यांनीं १९८७ त याच मुद्द्यावर बोट ठेविलें. त्यांचें सर्वच म्हणणें पटत नाहीं. हिपोलिटसच्या संदर्भावर त्या फार भार टाकतात. पण वचन कोणत्या वादांत वापरलें गेलें तें आधीं वाचा, हा त्यांचा आग्रह म्हणजे वस्तुतः १८७९ सालच्या डील्स यांचाच आग्रह होय.

सर्वांत बोलकें उदाहरण सूर्याविषयींच्या वचनाचें आहे. तिसऱ्या क्रमांकाखालीं सूर्य मनुष्याच्या पावलाएवढा रुंद आहे असें हेराक्लायटसचें म्हणणें दिलें आहे. हें आलें एटिअसकडून. चौऱ्याण्णवाव्या क्रमांकाखालीं, सूर्य आपली मर्यादा ओलांडणार नाहीं, ओलांडील तर न्यायदेवतेच्या सेविका ज्या एरिनी त्या त्याला हुडकून काढतील, असें आहे, हें प्लुटार्ककडून. एटिअसचें तें प्रकरण सूर्याच्या आकाराविषयीं आहे. त्यांत अनॅक्सिमँडर, ॲनॅक्सॅगोरस, एपिक्युरस यांच्या मापांच्या रांगेंत हेराक्लायटसचें पाऊल बसविलेलें आहे. त्या रांगेंत तें वाचलें म्हणजे एका भोळ्या मनुष्याचें चुकलेलें मोजमाप वाटतें, आणि तसें तें पुष्कळांनीं वाचलेंही. मग १९६२ सालीं थेसालोनिकीजवळ डेर्वेनी येथें एका थडग्याच्या चितेच्या राखेंत अर्धवट जळालेली पपायरसची गुंडाळी सांपडली. ती इसवी सनापूर्वीच्या चवथ्या शतकांतील; तिची संपूर्ण आवृत्ति २००६ त निघाली. तिच्या कर्त्यानें हेराक्लायटसचें नांव घेऊन हीं दोन्ही वाक्यें एकापाठोपाठ दिलीं आहेत. मजकूर जळका आहे, आणि मूळ ग्रंथांत हें एक वाक्य होतें कीं दोन याविषयीं एकमत नाहीं. पण जोडून वाचतांच पावलाचा अर्थ बदलतो : तें मोजमाप राहात नाहीं, मर्यादेचें वचन होतें. एवढासा सूर्य, तरी त्यासही नेमून दिलेली हद्द आहे. डील्स यांच्या ग्रंथांत या दोन वचनांमध्यें एक्याण्णव क्रमांकांचें अंतर आहे, आणि त्यास कारण एवढेंच कीं एटिअस वर्णमालेंत आधीं येतो व प्लुटार्क पुष्कळ मागून.

एम्पेडोक्लीजच्या बाबतींतही असेंच घडलें. निसर्गावरील काव्य एक व शुद्धिविषयक काव्य दुसरें, अशी वचनांची वांटणी डील्स यांनीं केली, आणि मांसाहाराच्या पश्चात्तापाचें एकशेंएकोणचाळीसावें वचन दुसऱ्या काव्यांत घातलें. ऑटो रुबेन्सोन यांनीं १९०४ सालीं इजिप्तमध्यें विकत घेतलेल्या पपायरसच्या तुकड्यांत तें वचन निसर्गावरील ओळींच्या संगतींत निघालें. ते तुकडे स्ट्रासबुर्गला पडून होते. मार्टिन व प्रिमावेसी यांनीं ते १९९९ त प्रसिद्ध केले. म्हणजे पहिली आवृत्ति निघाल्यानंतर अवघ्या वर्षानें ही साक्ष जर्मनांच्या हातीं आली होती, आणि डील्स यांच्यासारखा पपायरस वाचणारा मनुष्य अठरा वर्षें बर्लिन येथें काम करीत असतां ती मुकी राहिली! काव्यें दोन होतीं कीं एकच, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पण डील्स यांनीं आंखलेली सरहद्द आतां कोणी डोळे मिटून मानीत नाहीं.

डील्स यांनीं हें जाणून केलें काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यानें साक्षीची वंशावळ काढण्यांत तारुण्य घालविलें त्याला वचन आणि वाहक यांचा संबंध शिकविण्याची गरज नव्हती. त्यांची चूक एवढीच कीं आपल्या वाचकाच्या शेल्फावर पहिला ग्रंथ आहेच असें त्यांनीं गृहीत धरलें. तो नव्हता. लॅटिन प्रस्तावना वाचणारे थोडे, क्रमांक वापरणारे हजारों. २०१६ सालीं लाक्स व मोस्ट यांनीं नऊ खंडांत नवा संग्रह काढला. त्यांत 'अ' आणि 'ब' ही भिंत पाडून व्यक्ति, मतें आणि पुढील काळांतील पडसाद असे विभाग केले आहेत, व वचनें आणि साक्षी शेजारीं ठेविल्या आहेत. सुधारणा योग्य दिशेची आहे. पण विषयवार क्रम लावला म्हणजे बायवॉटर यांच्यावर घेतां येणारा आक्षेप त्यांच्यावरही येतोच. शिवाय जुने क्रमांक त्यांनाही शेजारीं छापावे लागले.

म्हणून डील्स यांचा ग्रंथ बाजूस सारावा असें येथें सुचवावयाचें नाहीं. तो कसा वाचावा एवढेंच सांगावयाचें आहे. प्रत्येक वचनाबरोबर त्यांनीं त्याचें स्थळ नेमकें छापलें आहे. तिसऱ्या वचनाशीं एटिअस, दुसरा भाग, एकविसावें प्रकरण, चवथें कलम, असा आंकडा आहे. 'डोक्सोग्राफी' उघडून तें प्रकरण काढावें. तेथें दोन रकाने समोरासमोर आहेत, आणि त्या रांगेंत हेराक्लायटसच्या आधीं कोण उभा आहे व नंतर कोण, हें दिसतें.